पहिली खुर्ची

“अगं, माझ्या भावाला समुद्रात बुडवलंस की! उचल तो दाणा. तीस वर्षं ऑरेगॉनात सफरचंदं पिकवली एलमनं, आणि तू त्याला माशांच्या तोंडी दिलंस!”

आयोनीने हसू दाबत राजम्याचा दाणा उचलला आणि बोटभर आत, जमिनीवर ठेवला. “आता बरोबर, आजी?”

“आता कोरडा झाला बिचारा.”

स्वयंपाकघरातल्या टेबलावर सबंध देशाचा नकाशा पसरला होता. वाऱ्याने उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर मिठाची बरणी, दुसऱ्यावर इस्त्री, तिसऱ्यावर पर्मीलियाआजीचा चष्मा. चौथा कोपरा आजी स्वतः तळहाताने दाबून बसली होती. नकाशावर दाणे मांडलेले होते. जिवंत माणसाला तांबडा दाणा, गेलेल्याला पांढरा. पहिला पांढरा दाणा ओहायोत; तिथून इंडियानात; मग प्लॅट नदीच्या काठाकाठाने इथे, नेब्रास्कातल्या ड्राय फोर्क गावाशी. आणि इथून पुढे कोंबड्यांना मूठभर दाणे फेकावेत तसे सगळे विखुरलेले. कोलोरॅडो, आयडाहो, ऑरेगॉन.

आजी शाळेत गेली होती ती दोन हिवाळे. छापील अक्षर ती बोट ठेवून वाचायची, हाताने लिहिलेलं तिला लागत नसे. नकाशावरच्या नावांचं तर तिला काहीच देणंघेणं नव्हतं. ती नद्या बघायची. “ही प्लॅट. ही मिसूरी. मधला हा तुकडा माझ्या बापानं बैलांच्या शेपट्या पिळत ओलांडला,” असं म्हणून ती बोट फिरवी, आणि ते बोट बरोबर वाटेवरून जाई.

आयोनी गावच्या शाळेत शिकवायची. दोन वर्षं ती कुठल्या कुठल्या भाऊबंदांना पत्रं धाडत होती. ड्राय फोर्कला पहिली टपाची बैलगाडी आली त्याला या दोन ऑगस्टला पंचाहत्तर वर्षं होणार होती, आणि त्यानिमित्तच्या मेळ्यात वाटायला ती घराण्याची एक छोटी पुस्तिका तयार करत होती.

“किती झाले?”

“तांबडे एकशे चौऱ्याऐंशी.”

“दोन माणसं नि एक गाडी.” आजीने नाक वर केलं. “एकशे चौऱ्याऐंशी. लिही ते मोठ्या अक्षरात.”

दार न वाजवता बार्बोरा झेलेन्का आत आली. चाळीस वर्षं ती या घरात दार न वाजवता येत होती, आणि चाळीस वर्षं आजी तिला त्याबद्दल बोलत होती. बार्बोरा बोहेमियातून आलेल्यांची लेक. हातात टोपली, टोपलीत फडक्याखाली आलूबुखाऱ्याचा मुरंबा भरलेले गोड पाव.

“राणीसाहेब दरबारात आहेत वाटतं,” बार्बोरा म्हणाली. “शनिवारी खुर्चीवर बसताना कुठली टोपी घालणार?”

“तीच, जी तुला आवडत नाही.”

मेळ्यात व्यासपीठाखाली खुर्च्यांची एक रांग असे. ज्या साली जो आला त्या क्रमाने तो बसायचा. वयाचा मान नाही, पैशाचा नाही, जमीन किती त्याचाही नाही. आला कधी, एवढंच. म्हातारा टीग वारल्यापासून चौदा वर्षं पहिल्या खुर्चीवर पर्मीलिया बसत होती, कारण ती अठराशे त्र्याहत्तरच्या गाडीतच जन्मली होती. दुसऱ्या खुर्चीवर बार्बोरा. तिचे आईबाप चौऱ्याहत्तरला आले, तेव्हा ती दोन वर्षांची होती.

“वयानं मी मोठी, तोंडानं तू मोठी,” बार्बोरा पाव बशीत मांडत म्हणाली. “आणि पहिली म्हणे! इथले मूळचे पॉनी लोक कधीपासून इथं रानगवे मारत होते. त्यांची खुर्ची कुठं आहे गं?”

“त्यांना खुर्ची द्यायची तर आपण दोघींना उठावं लागेल. तू ऊठ आधी.”

“तू आधी. तू पहिली ना?”

दोघी हसल्या. मग आजीने एक पाव उचलला, दाबून बघितला. “मुरंबा कमी घातलायस.”

“तुझ्या जिभेला गोड लागायला पिंपभर लागेल.”

बार्बोरा गेली तेव्हा आयोनी हसली नव्हती, हे आजीच्या ध्यानात आलं. पोरीची नजर नकाशावर होती आणि हात एप्रनच्या खिशात.

“काय लपवलंयस?”

“काही नाही.”

“सात पोरं वाढवलीत मी. खिशातला हात मला लांबून कळतो.”

आयोनीने पत्र बाहेर काढलं. ऑरेगॉनातून एलमच्या मुलीचं, कोराचं. एलम आजीपेक्षा आठ वर्षांनी मोठा. आई वारली त्या साली तो बायकापोरं घेऊन पुढे पश्चिमेला गेला, आणि जाताना आईचं बायबल घेऊन गेला. आजीने त्यावरून त्याच्याशी सहा वर्षं अबोला धरला होता. धड वाचता येत नसलं म्हणून काय झालं, आईचं ते आईचं.

“आजी, त्या बायबलाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पणजीनं जन्म-मृत्यू लिहून ठेवलेत. कोरामावशीनं जसेच्या तसे उतरवून पाठवलेत.”

“मग वाच की. त्यात चोरून ठेवण्यासारखं काय आहे?”

आयोनीने वाचलं. एलमचा जन्म, इंडियाना. मग एक ओळ सोडून:

“पर्मीलिया. जन्म नऊ मे अठराशे त्र्याहत्तर, गाडीत. मृत्यू तीस जुलै, त्याच साली. नदीच्या उत्तर काठी, तीन झाडांखाली. वरून गाडी फिरवली.”

आजीचं बोट नकाशावरच्या नदीवर जाऊन थांबलं.

“आणि तिच्याखाली,” आयोनीने पुढे वाचलं, “पर्मीलिया. जन्म अकरा फेब्रुवारी अठराशे पंचाहत्तर. घरात.”

“पुन्हा वाच.”

आयोनीने पुन्हा वाचलं.

“गाडी फिरवली, असंच लिहिलंय?”

“हो.”

त्या वाटेवर तसंच करत. पुरलेली जागा कोल्ह्या-लांडग्यांनी उकरू नये म्हणून वरून गाडीची चाकं फिरवून जमीन चेपून टाकायची. मग ती जागा सापडायची नाही, ना जनावराला, ना आईला. आणि गेलेल्या लेकराचं नाव पुढच्या लेकराला द्यायचं, हेही तसंच. नाव वाया घालवायची ऐपत त्या लोकांत कुणाचीच नव्हती. हे सगळं आजीला ठाऊक होतं. गावात असे दोन जॉन होते, दोन रूथ होत्या. आपल्या आधी एक आपण होतो, एवढंच ठाऊक नव्हतं.

“हे पत्र कधी आलं?”

“गुरुवारी.”

“आणि आज सोमवार.”

“मला वाटलं, मेळा होऊन जाऊ दे.” आयोनी खाली वाकून तिच्या गुडघ्यांशी बसली. “आजी, हे पान ऑरेगॉनात आहे. कोरामावशीला यातलं काही माहीत नाही, तिला वाटलं पणजीनं चुकून दोनदा लिहिलं. पुस्तिका अजून छापायला गेलेली नाही. मी यातला शब्दसुद्धा घालणार नाही. चार राज्यांतून आपली साठ माणसं येतायत, तुला त्या खुर्चीवर बघायला. ओमाहाच्या पेपरचा फोटोवाला येतोय. तू पंचाहत्तर, गाव पंचाहत्तर. कुणाचं काय बिघडतंय?”

“ऊठ. गुडघे दुखतील.”

“तुझे की माझे?”

“दोघींचे.” आजीने नकाशावरून चष्मा उचलला. कोपरा फडफडला आणि ऑरेगॉनचे दाणे घरंगळले. “कोंबड्यांना पाणी घातलंस का?”

त्या आठवड्यात ती कुणावर ओरडली नाही. थोरल्या सुनेने घाबरून डॉक्टरला बोलवायचं काढलं.

आजी कामं करत होती. कोंबड्या, लोण्याचा डेरा, घेवड्याच्या शेंगा. हात चालत होते आणि मन सत्तर वर्षं मागे गेलं होतं. एकेक गोष्ट उघडी पडत होती. मे महिन्यात आईने कधी तिचा वाढदिवस केला नाही. “पेरणीच्या दिवसांत कसले वाढदिवस,” म्हणायची. पण दर वर्षी ऐन थंडीत, गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपांच्या त्या घरात, वाऱ्याने भिंती कण्हत असताना, आई एक दिवस जपून ठेवलेल्या मनुका काढायची आणि केक करायची. कशाबद्दल, विचारलं तर म्हणायची, “थंडी आहे म्हणून.” पहिला तुकडा पर्मीलियाला द्यायची. ती खात असताना बघत बसायची.

मग एलमचं आठवलं. जुलै संपताना तो आईच्या मागे मागे असायचा. आई एका संध्याकाळी टेकाडावर जाऊन पूर्वेकडे तोंड करून उभी राहायची, आणि हा दांडगा पोरगा तिच्यापासून दहा पावलांवर गवत उपटत बसायचा. त्याने ते खड्डा खणणं बघितलं होतं. आठ-नऊ वर्षांचा होता. जन्मभर बोलला नाही. आणि बायबल घेऊन गेला तो चोरून नव्हे. ते पान घेऊन गेला.

बापाचं मात्र कळत नव्हतं. बाप गर्वाने सांगायचा, “माझी पर्मीलिया गाडीत जन्मली! आयोवाच्या चिखलात, गाडी रुतलेली असताना!” खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. ऐकणारे समोरच्या पोरीकडे बघून माना डोलवायचे. त्यांना थांबवून “ही नव्हे, ती” म्हणायचं, तर मग ती कुठंय हेही सांगावं लागलं असतं. बापाने ते कधी सांगितलं नाही. तो सुरू झाला की आई उठून बाहेर जायची, सरपण आणायला. सरपण नेहमीच का संपतं, असं लहान पर्मीलियाला वाटायचं.

आणि आई तिला नावाने हाक मारत नसे. “बाळे” म्हणायची. तिशीतही बाळेच.

शुक्रवारी दुपारी ती शेंगा सोलत ओसरीवर बसली होती. आयोनी बाजूला येऊन बसली आणि तिनेही सोलायला घेतलं.

“आयोने, दावाचोर म्हणजे काय ठाऊक आहे ना तुला?”

“दुसऱ्याच्या जमिनीवर जाऊन बसणारा.”

“नुसता बसणारा नव्हे. कुणीतरी चार काठ्या रोवून जागा धरलेली असते, नि तो आजारी पडला, माघारी गेला, मेला, की त्याच्या काठ्या उपटून आपल्या रोवणारा. घोडा चोरलेल्याला या गावानं माफ केलंय. दावाचोराला नाही. माझ्या बापानं आणि चौघांनी मिळून अशा एकाची झोपडी दोर लावून ओढत नेली नि नाल्यात टाकली. आत तो जेवत होता.” ती हसली नाही. “मी पाच वर्षांची होते. खांद्यावर बसून बघितलं. टाळ्या वाजवल्या.”

“आजी, ही जमीन नाही. आणि तू काही उपटलं नाहीस.”

“मी उपटलं नाही. पण काठ्या माझ्या नाहीत, हे आता मला कळलंय.”

“म्हणजे तू सांगणार?”

“म्हणजे तू शेंगा सोल. दाण्याला नख लागतंय तुझं.”

शनिवार असा उजाडला की सकाळी आठालाच कपाळावर घाम. ड्राय फोर्कच्या मैदानावर कॉटनवुडच्या झाडांखाली लांबच लांब टेबलं, तळलेली कोंबडी, बटाट्याची कोशिंबीर, कलिंगडं टबात बर्फावर. मोटारी एका बाजूला, अजून हट्टाने खेचरांच्या गाड्या आणणारे दोन-तीन म्हातारे दुसऱ्या बाजूला. आजीची साठ माणसं एका टोकाला जमली होती, आणि कोण कुणाचा हे विचारत एकमेकांना मिठ्या मारत होती. आजी काळ्या पोशाखात, डोक्यावर बार्बोराला न आवडणारी टोपी, छातीवर त्र्याहत्तर सालची पिवळी रिबीन. त्या सालच्या माणसांना पिवळी, चौऱ्याहत्तरला निळी. पिवळी रिबीन गावात एकच उरली होती.

“उकडतंय,” बार्बोरा तिच्याकडे निरखून बघत म्हणाली. “आणि तू आठवडाभर मला एक शिवी दिली नाहीस. मरत-बिरत नाहीस ना?”

“तुला दुसऱ्या खुर्चीवर सोडून? मुळीच नाही.”

किराणा दुकानाचा क्लाइड अॅम्सबरी मेळ्याचा चिटणीस. गोल पोटावर पट्टा, हातात हजेरीची वही. त्याने कर्ण्याशिवायच घसा साफ केला आणि सगळं मैदान गप्प झालं. आता हजेरी. एकेक नाव घेतलं जाई. माणूस असेल तर तो “हजर” म्हणे. गेलेला असेल तर घरातलं कुणीतरी “टेकडीवर” म्हणे, कारण गावचं कबरस्तान टेकडीवर. आणि नाव घेतलं की त्या माणसाचा सगळा वंश, जिथे असेल तिथे, उभा राही. त्र्याहत्तरची बाकी माणसं केव्हाच टेकडीवर गेली होती. त्यांची नावं झाली. पोरं-नातवंडं उठली, बसली.

“अठराशे त्र्याहत्तर!” क्लाइडने आवाज चढवला. हे नाव तो दर वर्षी शेवटी, मानाने घेई; वहीत आलं तेव्हाचं माहेरचंच आडनाव होतं, सासरचं स्ट्राउड नव्हे. “गाडीत जन्मलेली, पर्मीलिया हॅस्क्यू!”

टाळ्या सुरू झाल्या. फोटोवाल्याने यंत्र डोळ्याला लावलं. आजीची साठ माणसं अर्धी उठलीसुद्धा.

आजी खुर्चीवर बसलेली नव्हती. ती मागे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. टाळ्या थांबेपर्यंत थांबली.

“वाटेवर,” ती म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. असं उत्तर कुणी कधी दिलंच नव्हतं. क्लाइड पुढे वाकला. “आजी, तुमचंच नाव घेतलंय. ऊन लागलं का? कुणीतरी पाणी आणा.”

“क्लाइड, तुझ्या दुकानातलं पीठ मी चाळून घेते. माझं बोलणं तू चाळू नकोस. मी म्हटलं, वाटेवर. पर्मीलिया हॅस्क्यू वाटेवर राहिली. तीस जुलैला. इथं पोचायला तीन दिवस उरले होते.”

अर्धी उठलेली तिची माणसं पुन्हा खाली बसली.

“ती माझी बहीण. गाडीत जन्मली ती ती. ब्याऐंशी दिवस जगली. प्लॅटच्या काठी पुरली, वरून गाडी फिरवली, म्हणून दगड नाही, खूण नाही. तिचं नाव मला दिलं. मला हे सोमवारी कळलं. सोमवारपर्यंत मी तिच्या दाव्यावर बसले होते. आजपासून नाही.”

आयोनी गर्दीत उभी होती. तिने दोन्ही हात तोंडावर धरले होते.

क्लाइडने वही वर केली, खाली केली. तो नियमाचा माणूस. “पण आजी, मग... म्हणजे बघा, वाईट वाटून घेऊ नका. ती जर तीन दिवस अलीकडेच... तर ती इथं आलीच नाही. वहीत नाव कसं ठेवायचं? वही आलेल्यांची आहे.”

“ती निघाली होती ना इकडंच?”

“निघाली होती, पण...”

“तुझा आजोबा सत्याहत्तरला आला. रेल्वेनं. डब्यात बसून, डबा उघडून चिकन खात. आणि ती ब्याऐंशी दिवस गाडीच्या फळीवर धक्के खात आली. जेवढं येता आलं तेवढं आली. तू ठरवणार, ती आली की नाही?”

कुणीतरी मागे हसलं आणि लगेच गप्प झालं. क्लाइडचे कान तांबडे झाले.

तेवढ्यात दुसऱ्या खुर्चीवरून बार्बोरा काठी टेकत उठली. सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली, की आता पहिली खुर्ची हिची. चौदा वर्षं दोघींची त्या खुर्चीवरून चाललेली जुगलबंदी सगळ्या गावाने ऐकली होती.

“क्लाइड,” बार्बोरा म्हणाली, “माझ्या आईनं जहाजावर एक बाळ समुद्रात सोडलं. त्याचं नाव कुठल्याच वहीत नाही. या पोरीचं नाव आहे तिथं राहू दे. खोडलंस तर तुझ्याकडची कॉफी मी पुन्हा घेणार नाही, आणि माझ्या सगळ्या सुनाही घेणार नाहीत.”

बार्बोराला नऊ सुना होत्या. क्लाइडने पेन्सिल कानामागे परत खोचली.

“राहू दे,” तो म्हणाला. मग वहीकडे न बघता, जरा हळू म्हणाला, “पर्मीलिया हॅस्क्यू. वाटेवर.”

आता वंशाने उभं राहायचं. पण ब्याऐंशी दिवसांच्या पोरीला वंश कुठला? मैदान तसंच बसून राहिलं. आजीने आपल्या माणसांकडे मान वळवली.

“उठा की! बसलात काय? तिच्या नावाचा मान तुम्ही खाल्लाय इतकी वर्षं. उठा!”

साठ माणसं उठली. थोरला लेक, सुना, आयडाहोची नातवंडं, कडेवरची तान्ही. टोप्या काढल्या. वारा नव्हता. आजीने छातीवरची पिवळी रिबीन सोडली. बोटं वाकडी झालेली, पिन निघेना. कुणी पुढे आलं तेव्हा “मला हात आहेत” म्हणाली. रिबीन निघाली. तिने ती खुर्चीच्या पाठीला बांधली, दोन गाठी मारून. मग रांगेतून खाली खाली चालत गेली. दुसरी खुर्ची, तिसरी, चौथी. पंचाहत्तरच्या सालाशी एक खुर्ची रिकामी होती, तिथे ती उभी राहिली.

क्लाइडने चौऱ्याहत्तर घेतलं.

“बार्बोरा झेलेन्का!”

“हजर,” बार्बोरा म्हणाली. ती आपल्या जुन्याच खुर्चीवर बसली होती, दुसऱ्या.

“अठराशे पंचाहत्तर.” क्लाइडने पान उलटलं. त्या सालात हॅस्क्यू नव्हती. त्याने वर बघितलं. आजी त्याच्याकडेच बघत होती, पीठ तोलून घेताना काट्याकडे बघावं तशी. त्याने कानामागची पेन्सिल काढली, वहीत काहीतरी लिहिलं, आणि मग सावकाश वाचलं:

“पर्मीलिया हॅस्क्यू. घरात जन्मलेली.”

“हजर!”

तो आवाज असा निघाला की झाडाखालच्या खेचरांनी कान टवकारले. अडतिसाव्या वर्षी विधवा झालेली बाई, गवताला लागलेली आग ओल्या पोत्यांनी विझवणारी, धुळीच्या वादळांच्या सालात गायींना काटेरी झुडपं चारून जगवणारी, सात पोरांची आई. आजवर दर वर्षी ती या मैदानावर “हजर” म्हणाली होती. स्वतःसाठी आज पहिल्यांदा म्हणाली. तिची साठ माणसं, अजून नीट बसलीही नव्हती, ती पुन्हा उठली. आणि या वेळी कुणी न सांगता बाकीचं मैदानही उठलं, क्लाइड आधीच उभा होता म्हणून त्याने टोपी काढली.

आजी बसली. तिने टोपी सारखी केली.

जेवणं सुरू झाली तेव्हा बार्बोराने रांगेवरून हाक मारली. “ए पोरी!”

आजीने मान वळवली. “कुणाला म्हणतेस?”

“तुलाच. तू माझ्याहून तीन वर्षांनी लहान निघालीस. म्हणजे मोठ्यांचं ऐकायचं. जा, लिंबाचं सरबत आण. बर्फ जास्त.”

“तुझे पाय मोडलेत?”

“मोठ्या माणसाशी असं बोलतात?”

आजी उठली. सगळ्या गावाने बघितलं, पर्मीलिया स्ट्राउड कुणासाठी तरी सरबत आणायला निघाली. परत आली तेव्हा दोन पेले होते. बार्बोराने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“साखर कमी आहे.”

“आहे तेवढं पी.”

आयोनी बशी घेऊन आली आणि आजीच्या पायाशी गवतावर बसली. तिच्या खिशात राजम्याचे दाणे होते, पुस्तिकेसाठी नकाशाचा फोटो काढायचा होता म्हणून आणलेले. आजीने हात पुढे केला. आयोनीने एक पांढरा दाणा तिच्या तळहातावर ठेवला. तो शेंगेतच वाळून गेलेला होता, नखाएवढाही नाही.

“नदीच्या उत्तरेला,” आजी म्हणाली. “इथून तीन दिवसांवर. बैलांचे तीन दिवस हं, तुझ्या मोटारीचे नव्हेत.”

“मी मोजीन बरोबर.”

फोटोवाला घाम पुसत आला. मागच्या रांगेत बायका पोरांना घेऊन उभ्या होत्या, खुर्च्या कमी पडल्या होत्या, तरी पहिल्या खुर्चीला कुणी हात लावला नव्हता. “बाई, सगळ्यांचा एक फोटो घेतो. ती पुढची मोकळी दिसते आहे. कुणाला तरी बसवा, नाहीतर बाजूला घेऊ का?”

“मोकळी नाही ती,” आजी म्हणाली. “तशीच घ्या.”

त्याने खांदे उडवले आणि यंत्र डोळ्याला लावलं. सगळे सरळ बसले. आजीने मात्र यंत्राकडे बघितलं नाही. ती रांगेच्या टोकाकडे बघत होती. सावली सरकून पहिल्या खुर्चीवर ऊन आलं होतं. रिबीन लोंबत होती. ओकच्या लाकडाची, रुंद हातांची, दांडग्या बाप्यांना पुरेल अशी ती खुर्ची. एवढुशा पोरीला ती फारच मोठी होत होती.